न्यायमूर्ती रानडे : श्रद्धेचे शहाणपण

मे १८७९मध्ये पुण्यातील बुधवारवाडा आगीत भस्मसात झाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने आधीच धास्तावलेल्या इंग्रज सरकारला या आगीमागे पुण्याच्या सुशिक्षित पुढाऱ्यांचा हात असल्याचा संशय आला. त्या संशयाच्या फेऱ्यात न्यायखात्यातील महादेव गोविंद रानडेही सापडले. त्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली. तेथे त्यांची टपाले फोडून वाचली जाऊ लागली आणि बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही येऊ लागली. रानडे ती पत्रे निमूटपणे पोलिसांकडे पाठवून देत आणि रोजच्या कामाला लागत. या काळात त्यांनी ना आकांडतांडव केले, ना सरकारचे लांगूलचालन.

हे स्थैर्य केवळ स्वभावाचे नव्हते. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे जन्मलेल्या रानडे यांचा पिंडच ईश्वरनिष्ठेवर पोसलेला होता. १८६७मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याच्या विचारांची बैठक घडविण्यात रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांचा मोठा वाटा होता. मूर्तिपूजा आणि कर्मकांड बाजूस सारून एका ईश्वराची भक्ती, हे समाजाचे सूत्र. मात्र रानड्यांनी ते पाश्चात्त्य ग्रंथांवर उभे केले नाही. तुकोबा आणि नामदेवांचे अभंग पहाटे आळवणाऱ्या या विद्वानाला आपल्या आस्तिक्याची मुळे वारकऱ्यांच्या वाटेवरच सापडली. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी १९००मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथातही संतांच्या कामगिरीला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, ते उगीच नव्हे.

इतिहासाच्या घडामोडींमागे ईश्वरी योजना आहे, अशी त्यांची धारणा होती. इंग्रजी अंमलही त्या योजनेचाच भाग असल्याचे ते मानीत. आज हे मत पटणे कठीण आहे. त्यांच्या हयातीतही अनेकांना ते पटले नव्हते.

या श्रद्धेची खरी कसोटी मात्र घरात लागली. विधवाविवाहाचे हे खंदे पुरस्कर्ते. १८७३मध्ये प्रथम पत्नीचे निधन झाले, तेव्हा ते विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एकतीस वर्षांच्या रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. वडिलांविषयीचा आदर आणि स्वतःची तत्त्वे यांत तत्त्वांचा बळी गेला, आणि टीकेची झोड उठली ती अन्याय्य नव्हती. पुढे १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानाचे प्रकरण गाजले. रानड्यांनी १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा पुन्हा तोच आक्षेप आला. समाजाला एकदम तोडून नव्हे, तर बरोबर घेऊनच पुढे न्यावे लागते, असे त्यांचे मत होते. त्याला शहाणपण म्हणावे की कचखाऊपणा, हा वाद त्यांच्या पश्चातही मिटलेला नाही.

एक गोष्ट मात्र टीकाकारांनाही नाकारता येत नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीला रानड्यांनी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सोसून शिकविले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरच्या बायकांचे टोमणे खावे लागत ते त्या मुलीलाच. पण धडे थांबले नाहीत. सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, १८९३मध्ये लाभलेले उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद या साऱ्या व्यापात प्रार्थना समाजातील त्यांची धर्मपर व्याख्यानेही चालू राहिली.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वैधव्य आलेल्या रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभारून असंख्य स्त्रियांना शिक्षण आणि स्वावलंबनाची वाट खुली केली. १९१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींमध्ये धुळ्याचे ते दिवस, पहाटेचे अभंग आणि पतीने दिलेले पहिले धडे, सारे नोंदलेले आहे.