जॉन पोस्टेल : पत्त्यांचा निःस्वार्थ राखणदार

बीड शहराबाहेरील सोळाव्या शतकातील खजाना विहिरीत दोन भुयारी वाटांनी पाणी येते आणि तिसऱ्या वाटेने ते शेतांकडे जाते. आलेले पाणी अडवून न ठेवता योग्य दिशेने पुढे देणे, हेच तिचे मोठेपण. संगणकजाळ्यातील राउटरचे कार्यही असेच आहे. या कार्याला शिस्त लावणाऱ्यांमध्ये जॉन पोस्टेल यांचे नाव आदराने घेतले जाते.

६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे जन्मलेले पोस्टेल लॉस एंजेलिसमध्ये विद्यार्थी असतानाच इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत सहभागी झाले. १९६९ पासून आरएफसी या तांत्रिक टिपणमालिकेचे संपादन त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. १९७४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. इंटरनेट प्रोटोकॉलचे १९८१ चे प्रमाण टिपणही त्यांच्याच संपादनाखाली सिद्ध झाले. कोणता क्रमांक कोणाला द्यायचा, याची नोंदही तेच ठेवीत.

ऑगस्ट १९८५ मध्ये जेफ्री मोगल यांच्यासह त्यांनी सबनेटची प्रमाण पद्धती मांडली. संस्थेने आपल्या पत्त्यांचे अंतर्गत गट पाडावेत, बाहेरच्या जगाला त्याची दखल घ्यावी लागू नये आणि एका गटातून दुसऱ्या गटात जाणारे पॅकेट राउटरने पोहोचवावे, अशी ही व्यवस्था.

आज एखाद्या महाविद्यालयाने किंवा बँकेने क्लाऊडवर दोन सबनेट आखून त्यांमधील वाहतूक स्वतःच्या आभासी यंत्रातून तपासून न्यायचे ठरविले, तरी पाया हाच असतो. मात्र हे यंत्र स्वभावतः परके पॅकेट स्वीकारत नाही. त्यासाठी क्लाऊडच्या व्यवस्थेत त्याच्या जालजोडणीला परक्या पत्त्यांची पॅकेटे हाताळण्याची मुभा द्यावी लागते. यंत्राच्या कार्यप्रणालीत आयपी फॉरवर्डिंग सुरू करावे लागते, फायरवॉलमध्ये परवानगी नोंदवावी लागते आणि दोन्ही सबनेटच्या मार्गतक्त्यांत या यंत्राचा निर्देश करावा लागतो. एकाच बाजूचा मार्ग लिहिला, तर पॅकेट जाते. उत्तर मात्र यंत्राला चुकवून दुसऱ्याच वाटेने येते किंवा वाटेतच हरवते.

पाठविताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, असे पोस्टेल यांचे तत्त्व होते. परस्परविश्वासावर चालणाऱ्या त्या काळाची कसोटी जानेवारी १९९८ मध्ये लागली. पोस्टेल यांच्या सांगण्यावरून इंटरनेटच्या आठ मूळ सर्व्हरचालकांनी आपला आधार बदलला. एका माणसाच्या शब्दाचे वजन तेव्हा जगाला दिसले, आणि त्यातील धोकाही. अमेरिकी सरकारच्या हरकतीनंतर हा बदल चाचणी ठरवून मागे घेण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही जबाबदारी पेलण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. पुढील महिन्यात, १६ ऑक्टोबर रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे वयाच्या ५५ व्या वर्षी पोस्टेल यांचे निधन झाले.

व्यक्तीवरील विश्वासाची जागा लिखित नियमांनी घेतली, हे योग्यच झाले. पण नियम लिहिण्याइतका विश्वास आधी कोणीतरी कमवावा लागतो. पोस्टेल यांनी तो तीन दशकांच्या अबोल सेवेतून कमावला होता.