वालचंदांची मोटार : कंपनी संपली, चाहते का नाही संपले?

आजचा लेख नव्या फोनवर नाही आणि नव्या ॲपवरही नाही. आज एका माणसाची आणि त्याने सुरू केलेल्या मोटार कारखान्याची गोष्ट सांगतो. शेवटी ही गोष्ट तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत येणार आहे, म्हणून पूर्ण वाचा.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे धावायची थांबली. पिवळं छप्पर, काळं अंग, वर सामानाचं कॅरिअर आणि स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा, अशी ती गाडी जुन्या सिनेमांत तुम्ही पाहिली असेलच. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीचं वय २० वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे तारीख ठरलेलीच होती. तरी त्या आठवड्यात लोक मुद्दाम त्या टॅक्सीत बसले, फोटो काढले, हळहळले. गाडी बनवणारा कारखाना मात्र त्याच्या कितीतरी आधी थंडावला होता.

तो कारखाना उभा करणारे होते वालचंद हिराचंद.

सोलापूरचा मुलगा, रेल्वेचा कंत्राटदार

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजरातचं, दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद दोशी. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. शिक्षणासाठी मुंबईला गेले, पण ते अर्धवटच राहिलं. घरच्या धंद्यात मन रमेना. मग रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी त्यांनी भागीदारी केली आणि रेल्वेमार्ग बांधायची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेचं काम हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांचं कामही त्यांच्या कंपनीने केलं. १९२६ मध्ये निघालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे आजची एचसीसी, त्यांचीच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वालचंद स्वतः इंजिनिअर नव्हते. पण कोणतं काम देशात होत नाहीये आणि का होत नाहीये, हे त्यांना बरोबर दिसायचं. आजच्या भाषेत ते पक्के स्टार्टअपवाले.

‘लॉयल्टी’ नावाचं जहाज

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालं होतं. युद्धात ते इस्पितळ-जहाज होतं. नाव ‘एस. एस. लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतलं आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू केली. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो तो याच प्रवासाच्या आठवणीत.

इंग्रज जहाज कंपन्यांना हे कसं रुचणार? त्यांनी भाडं पाडलं. मोठ्या कंपनीने तोटा सोसून दर खाली आणायचे आणि नव्या खेळाडूचा दम काढायचा, हा खेळ तुम्ही मोबाइल डेटाच्या आणि टॅक्सी ॲपच्या बाजारातही पाहिलाय. सिंधिया त्यातून टिकली.

मोटार आणायला गेले, विमान घेऊन आले

१९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्या भारतात मोटारीचा कारखाना काढायची योजना मांडत होते. वालचंदांनी ती उचलून धरली. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. क्रायस्लरशी जमलं. पण दुसरं महायुद्ध पेटलं आणि सरकारने साथ दिली नाही.

१९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-उद्योजकाशी पडली. त्या ओळखीतून आणि म्हैसूर संस्थानच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथून पहिलं विमान उडालं. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. तेजस बनवणारी आजची एचएएल ती हीच. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला गेला आणि १९४८ मध्ये तिथलं ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

मोटारीचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नव्हता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना आला आणि १९४७ मध्ये तिथून क्रायस्लरच्या बनावटीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यानंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. वय ७०. ज्या गाडीमुळे प्रीमियरचं नाव घराघरांत गेलं, ती फियाट ११०० त्यांच्या पश्चात, १९५४ मध्ये आली.

लायसन्सवरची गाडी म्हणजे काय?

आधी परदेशातून गाडी सुट्या भागांत, पेट्यांमध्ये भरून येते. इथे ती फक्त जोडायची. मग हळूहळू एकेक भाग इथेच बनवायला घ्यायचा : आज काच, उद्या सीट, परवा गिअरबॉक्स, शेवटी इंजिन. आराखडा मूळ कंपनीचा, नाव आणि तंत्र वापरायचे पैसे तिला द्यायचे. आपल्याकडे फोन असेच बनतात. मागे ‘मेड इन इंडिया’ लिहिलेलं असतं, पण आतली चिप बाहेरून आलेली असते.

उसनं तंत्र घेण्यात कमीपणा काहीच नाही. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यातला मोठा हिस्सा दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडवर उभा असतो. प्रश्न पुढचा आहे : ते कोड समजून घेऊन तुम्ही त्यात स्वतःची भर घालता की नाही?

प्रीमियरने सुटे भाग देशात बनवायचं काम चांगलं केलं. पण गाडी? ती जवळजवळ तीच राहिली. १९६० च्या दशकात ‘डिलाइट’, १९७० च्या दशकात ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’. नावं बदलली, इंजिन तेच १०८९ सीसीचं.

दोष सगळा कंपनीचा नव्हता. किती गाड्या बनवायच्या, कोणतं यंत्र आयात करायचं, सगळ्याला सरकारी परवाना लागायचा. आणि गिऱ्हाईक तर रांगेतच होतं. फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. माल बनायच्या आधीच विकला जात असेल, तर सुधारणेवर पैसा घालायची घाई कोणाला?

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हातात पडली आणि रांग हलली. प्रीमियरने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ आणली, त्यात निसानचं इंजिन होतं. नव्वदीत फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली, ती काही वर्षांतच आटोपली. मग पुन्हा फियाट. उशीर झाला होता. शतक सरता सरता पद्मिनीचं उत्पादन थांबलं.

लाखनीच्या रस्त्यावरचं एक इंग्रजी नाव

आता जरा आमच्या भंडारा जिल्ह्यात या. भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लाखनी तालुक्यात गडेगाव लागतं. तिथे १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि ट्रक-बसचे गिअरबॉक्स तिथे बनतात. आमच्याकडे ‘लेलँड’ म्हटलं की कारखानाच डोळ्यांसमोर येतो. पण हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे, हे इथे फार कमी जणांना ठाऊक असतं.

त्या गावच्या लेलँड कंपनीने १९५० च्या दशकात मद्रासच्या अशोक मोटर्समध्ये भाग घेतला आणि अशोक लेलँड झाली. तिकडे इंग्लंडमध्ये १९६८ मध्ये बऱ्याच मोटार कंपन्या एकत्र करून ‘ब्रिटिश लेलँड’ हा डोलारा उभा राहिला. ज्यांच्यामुळे इंग्रजी स्पोर्ट्स कार जगभर गाजल्या, ती एमजी आणि ट्रायम्फ ही दोन्ही नावं आता एकाच मालकाची झाली. पूर्वी एकमेकींशी टक्कर देणाऱ्या गाड्या एकाच घरात नांदू लागल्या.

एमजीची ‘एमजीबी’ ही दोन सीटची उघडी गाडी १९६२ ची. पाच लाखांवर गाड्या बनल्या. पण तिच्या जागी नवी गाडी कधी आलीच नाही. अमेरिकेचे सुरक्षेचे नियम बदलले तेव्हा कंपनीने पुढेमागे काळे रबरी बंपर लावले आणि गाडी उंच केली. चाहत्यांनी नाकं मुरडली. अपडेट आल्यावर फोन आधीपेक्षा वाईट चालावा, तसंच हे. संप, तोटा, सरकारी ताबा असं सगळं होत १९८० मध्ये ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला.

चाहते मात्र हटले नाहीत. त्यांचे क्लब चालू राहिले, सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने चालू राहिले. १९८८ पासून तर एमजीबीचा पूर्ण नवा सांगाडा पुन्हा विकत मिळू लागला. ज्या गाडीचा कारखाना आठ वर्षांपूर्वी मेला, तिचा कोरा करकरीत सांगाडा! आज आपल्या रस्त्यावर एमजी दिसते, ती गुजरातमध्ये हलोलला बनते आणि चिनी कंपनीच्या तंत्रावर चालते. नाव जुनं, बाकी सगळं नवं.

गंमत बघा. मूळ ब्रिटिश लेलँड इतिहासात जमा झाली आणि तिची भारतातली शाखा गडेगावात आजही गिअरबॉक्स बनवतेय. अशोक लेलँडनेही उसन्या तंत्रावरच सुरुवात केली होती. पण ती एकाच जुन्या गाडीवर अडून राहिली नाही. १९८० च्या दशकात तिने जपानच्या हिनोचं इंजिनतंत्र घेतलं.

मग टॅक्सीवाले पद्मिनीवर एवढे का अडून होते?

प्रेम म्हणून? थोडंफार. पण खरं कारण साधं होतं : ती कुठेही दुरुस्त व्हायची. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. कार्ब्युरेटर साफ करा, पॉइंट घासा, गाडी चालू. सुटे भाग नाक्यानाक्यावर आणि स्वस्त. गॅसचा नियम आला तर सीएनजी किट बसवून ती पुन्हा धावायला तयार. ज्याच्या घराची चूल त्या गाडीवर पेटते, त्याला गाडी किती सुंदर आहे यापेक्षा उद्या सकाळी ती चालू होईल का, हे जास्त महत्त्वाचं असतं.

म्हणजे मालकांची निष्ठा त्या यंत्रावर होती, कंपनीवर नव्हती. आणि ती टिकवली गॅरेजवाल्यांनी. कंपनीने मात्र ही निष्ठा आपल्या कर्तबगारीची पावती समजली. माझ्या मते प्रीमियर आणि एमजी दोघींचं इथेच बिघडलं. गिऱ्हाईक थांबलंय म्हणजे तो खूश आहे असं नसतं. कधी त्याच्याकडे दुसरा पर्यायच नसतो, तर कधी तो तुम्हाला सुधारायला थोडा वेळ देत असतो. तो वेळ वाया गेला की तो निघून जातो, आणि मग परत बोलवायला तुमच्याकडे काहीच नसतं.

वालचंदांच्या कामाचा हिशेब मात्र एका गाडीवर करू नका. एचएएल आहे. विशाखापट्टणमचा जहाज कारखाना आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवले. मालेगावजवळच्या रावळगावची ‘पान पसंद’ गोळी तुम्ही खाल्लीच असेल, तीही त्यांच्याच कारखान्यातली. सांगलीच्या अभियांत्रिकी कॉलेजला त्यांचं नाव आहे. त्यांनी सुरू केलेल्या ज्या कामांत नंतरच्या लोकांनी स्वतःची भर घातली, ती टिकली. मोटारीत भर घालायची राहून गेली.

आता तुमचा फोन हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा. त्याला सुरक्षेचे अपडेट अजून किती वर्षं मिळणार? बॅटरी तुमच्याच गावात बदलून मिळते का? आणि उद्या दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला तर तुमचे फोटो, नंबर, चॅट सहज सोबत येतील का? तिन्ही उत्तरं चांगली असतील, तर त्या कंपनीशी खुशाल निष्ठा ठेवा. नसतील, तर तुम्ही तिचे चाहते नाही, फक्त रांगेत उभे आहात.