दादासाहेब फाळके : चमत्कार घडविणारा यंत्रज्ञ

करमणूक उद्यानाच्या अंधाऱ्या बोगद्यातून गाडी सरकत असते आणि अचानक पाण्यातून एक अजस्र नाग फणा उभारून वर येतो. प्रवासी किंचाळतात, हसतात आणि बाहेर पडतात. त्याच दिवशी पहाटे, उद्यानाचे दरवाजे उघडण्यापूर्वी, तंत्रज्ञांनी त्या नागाचा प्रत्येक सांधा तपासलेला असतो, गळती शोधलेली असते, दिव्यांची व आवाजाची वेळ जुळवून पाहिलेली असते आणि रिकामी गाडी फिरवून खात्री करून घेतलेली असते. महाराष्ट्रात खोपोलीजवळ अशा स्वरूपाचे एक मोठे उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले. त्याच घाटाच्या माथ्यावर, लोणावळ्यात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी गृहस्थाने आपला छापखाना उभारला होता. पुढे याच गृहस्थाने पडद्यावर कालिया नाग नाचविला. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांची ओळख सर्वांना आहे. ते मुळात यंत्रात रमणारे कारागीर होते, याचा मात्र अनेकांना विसर पडतो.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढील शिक्षण बडोद्याच्या कलाभवनात झाले. तेथे त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला व छायाचित्रण अशा अनेक विद्या आत्मसात केल्या. अहमदाबाद येथे १८९२ साली भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली व तिला सुवर्णपदक मिळाले. बावीस वर्षांच्या या तरुणाला नाटकाइतकेच नाटक ज्या वास्तूत घडते त्या वास्तूच्या रचनेचेही आकर्षण होते, हे येथे लक्षात घ्यावेसे वाटते.

त्यानंतरची दहा वर्षे अस्थिरतेची होती. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला, परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य दोघेही दगावले. बडोद्यास परतून पुन्हा व्यवसाय मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व आयुष्य कमी करतो, अशी समजूत लोकांत पसरली. गिऱ्हाईक येईना. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून त्यांनी दिवस काढले. याच काळात एका जर्मन जादूगाराशी त्यांची गाठ पडली आणि हातचलाखीची व दृष्टिभ्रमाची विद्या त्यांनी त्याच्याकडून घेतली. स्वतःचे आडनाव उलटे वाचून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत असत. हा उद्योग त्यांच्या चरित्रात बहुधा गंमत म्हणून सांगितला जातो. पुढील आयुष्याचा पाया मात्र तेथेच घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. त्यानंतर पुरातत्त्व खात्यातील नोकरी, राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछपाईचे काम, १९०८ मध्ये स्वतःचा छापखाना, रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास आणि अखेर भागीदारांशी मतभेद होऊन व्यवसायाचा त्याग, असा हा क्रम आहे.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहताना येशूच्या जागी आपले राम आणि कृष्ण पडद्यावर अवतरावेत, असा ध्यास त्यांनी घेतला. त्यानंतर ते रोज कित्येक तास चित्रपट पाहू लागले, खेळण्यातील यंत्रे व फितीचे तुकडे आणून घरी मेणबत्तीच्या उजेडात प्रयोग करू लागले. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली. मुंबईतील डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी चित्रीकरणाची प्रत्यक्ष पद्धत पाहिली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र व प्रती काढण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते मायदेशी परतले.

यंत्रे आली, पण बिघडली तर दुरुस्त कोण करणार? मुंबईत तसा कारागीर नव्हता. फाळके यांनी दादरच्या मथुरा भवनातच कार्यशाळा मांडली आणि यंत्रांचा भाग न् भाग स्वतः समजून घेतला. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम एका वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. कुंडीसमोर कॅमेरा रोवून ठेवावयाचा, दररोज ठरावीक वेळी एकच चित्र घ्यावयाचे आणि मधल्या काळात कॅमेऱ्याला जराही धक्का लागू द्यावयाचा नाही, असा तो प्रयोग होता. कित्येक दिवसांच्या या तपश्चर्येनंतर पडद्यावर अवघ्या काही क्षणांत बी रुजले, अंकुर फुटला, वेल चढली. अंकुराची ती वाढ पाहून कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिने त्याआधीच गहाण पडले होते.

येथे एका कामाविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण फाळके यांच्या चमत्कारांचे रहस्य बरेचसे त्यात आहे. त्या काळी कोरी फिल्म छिद्रांविना येत असे. तिच्या दोन्ही कडांना समान अंतरावर छिद्रे पाडावी लागत आणि तीही अंधारात, कारण उजेडाचा किरण पडला तर सगळी फिल्म वाया जाई. हे काम रात्री होई व ते मुख्यतः सरस्वतीबाई करीत. कॅमेऱ्याचे दाते या छिद्रांत अडकून फिल्म पुढे सरकते. छिद्र केसभर चुकले तरी चित्र पडद्यावर थरथरते. साध्या दृश्यात ही थरथर खपून जाते. परंतु एकाच फितीवर दोनदा चित्रण करून देवाला प्रकट करावयाचे असेल, तर पहिले व दुसरे चित्र परस्परांविरुद्ध हलू लागते आणि सारा भ्रम क्षणात उघडा पडतो. पौराणिक चित्रपटांतील अंतर्धान व अवतार रात्रीच्या या निमूट कष्टांवर उभे होते. दिवसा याच सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत आणि चित्रीकरणाच्या वेळी उजेड परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या चित्रपटाचे कॅमेरामन त्र्यंबक तेलंग हे फाळके यांच्याच हाताखाली तयार झालेले. तारामतीची भूमिका करण्यास स्त्री न मिळाल्याने ती अण्णा साळुंके या उपाहारगृहातील तरुणाने केली, ही हकिगत सर्वपरिचित आहे. विश्वामित्राच्या यज्ञात ज्वाळांमध्ये सापडलेल्या तीन शक्ती या चित्रपटात दिसतात. त्या पाहताना कॅमेऱ्यामागे जादूगार केळफा उभा असल्याची जाणीव होते.

पुढे फाळके यांनी आपला व्यवसाय नाशिकला हलविला. १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये मारुती उड्डाण करून आकाशात लहान लहान होत गेला. साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म' मध्ये नागावर आरूढ झालेला कृष्ण पाण्यातून वर आला आणि भयभीत कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन तरंगले. अशा दृश्यांसाठी त्या काळी काळ्या पडद्यासमोर चित्रण करावयाचे, हाताने फिरविलेल्या दांडीचे फेरे मोजावयाचे, फिल्म नेमकी तितकीच मागे घ्यावयाची आणि दुसरे चित्र तिच्यावर उमटवावयाचे, अशी रीत होती. मोजणी चुकली की पहिल्यापासून आरंभ. कॅमेऱ्यात फिल्म ज्या चौकटीतून सरकते तेथे धुळीचा कण राहिला तर संपूर्ण फितीवर ओरखडा उठे. उन्हाळ्यात रसायने तापली तर फितीवरील जिलेटिनचा थर मऊ पडे. या सर्वांची निगा राखणे हा दिग्दर्शनाचाच भाग होता. हे कसब गुप्त ठेवण्याऐवजी फाळके यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपट १९१७ मध्ये काढला. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना व फितीची जोडणी करताना दिसतात. जादूगाराने आपली पेटी उघडून दाखवावी, तसा हा प्रकार होता.

भांडवलासाठी १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि तेथूनच संघर्षास प्रारंभ झाला. भागीदारांना खर्च आटोक्यात व वेळापत्रक काटेकोर हवे होते. फाळके यांना मनासारखे दृश्य साधेपर्यंत थांबण्याची मुभा हवी होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्याजोगे आहे, कारण चमत्काराच्या दृश्याला किती दिवस लागतील हे आधी सांगता येत नाही आणि व्याज तर रोज चढत असते. कंपनीचा राजीनामा देऊन ते काशीस गेले व तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले, पण पूर्वीचा अधिकार उरला नव्हता.

१९३१ मध्ये 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. फाळके यांचा 'सेतुबंधन' १९३२ मध्ये मूकपट म्हणूनच तयार झाला. मागाहून त्याला आवाजाची जोड द्यावी लागली. त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट म्हणजे कोल्हापूर सिनेटोनचा, १९३७ सालचा 'गंगावतरण'. ध्वनीचे यंत्र आले, त्याबरोबर वेगळे तंत्रज्ञ आणि वेगळे विभागही आले. खिळ्यापासून कथेपर्यंत सर्व काही एका माणसाच्या हाती असण्याचे दिवस संपले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार पुढे १९६९ मध्ये सुरू झाला. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने उभारलेल्या त्यांच्या स्मारकात संगीताच्या तालावर नाचणारे कारंजे बसविण्यात आले.

नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी आज हाती असलेला भाग थोडा आहे. जुनी नायट्रेट फिल्म सहज पेट घेते आणि नीट ठेवली नाही तर आपोआप कुजते. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर पी. के. नायर यांनी फाळके यांच्या उरल्यासुरल्या फिती मिळवून त्या जतन केल्या. 'राजा हरिश्चंद्र' चे काही भाग आणि 'लंका दहन' ची थोडी मिनिटे त्यामुळे वाचली. उपलब्ध 'हरिश्चंद्र' हा १९१३ चा नसून १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेला असावा, असे काही अभ्यासक मानतात. 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' हाती लागले नाहीत.

१९१९ चा 'कालिया मर्दन' मात्र बराचसा शाबूत आहे. त्यात कृष्णाची भूमिका फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी ती मुलगी साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखविते. मग त्याच जागी, त्याच चेहऱ्याने, कृष्ण उभा राहतो. पाण्याखालच्या युद्धातील भला मोठा नाग कृत्रिम आहे, हे आजच्या प्रेक्षकाला सहज ओळखता येते. तरीही मंदाकिनी त्याच्या फण्यावर चढून नाचू लागते, तेव्हा तीरावरील गोकुळवासीयांबरोबर आपणही पाहत राहतो.