विश्लेषण : अंड्यांवरील ‘साल्मोनेला’ला ज्यांचे नाव मिळाले, ते साल्मन कोण?

धाराशिव, कळंब, परंड्यात शेतकऱ्याच्या दारातल्या कोंबड्या आणि बांधालगतची मेथी-कोथिंबीर यांत अंतर फारसे नसते. कोंबडीच्या विष्ठेतून अंड्यावर आणि भाजीवरही जाऊ शकणारा जंतू म्हणजे साल्मोनेला. नावाचा माशाशी संबंध नाही. ते डॅनियल एल्मर साल्मन या अमेरिकी पशुवैद्याचे.

१८५० मध्ये न्यू जर्सीत जन्मलेले साल्मन लहानपणीच पोरके झाले. कॉर्नेल विद्यापीठातून १८७६ मध्ये पशुवैद्यकातील डॉक्टर पदवी मिळवणारे ते त्या देशातील पहिले. १८८४ मध्ये ते तिथल्या केंद्र सरकारच्या नव्या पशुसंवर्धन खात्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्या वर्षी त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी आजारी डुकरांत हा जंतू शोधला. नाव मात्र साहेबांचे लागले. सरकारी खात्यांत हे नवे नाही! तो रोगही पुढे विषाणूचा निघाला. जंतू माणसाला जुलाब-तापाने आडवा करतो, हे मात्र खरे.

मांस तपासणीची घडी बसवणाऱ्या साल्मन यांना १९०५ मध्ये तपासणीच्या लेबल छपाईच्या कंत्राटावरून पद सोडावे लागले. पुढे त्यांनी उरुग्वेत पशुवैद्यक विद्यालय सांभाळले. १९१४ मध्ये मोंटानात त्यांचे निधन झाले.

या जंतूपासून बचाव साधाच : अंडी रोज गोळा करावीत, मळकी कोरड्या कापडाने पुसावीत, तडकलेली विकू नयेत. कोंबडीखत चांगले कुजवूनच भाजीला घालावे.