तियात्राचे जनक जुआंव आगुस्तिन फर्नांडिस : जीवनपरिचय



आज संध्याकाळी घरी टीव्ही लावून बघा. कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर विनोदी कार्यक्रम चालू असेलच. आधी एक प्रहसन होतं. मग सूत्रसंचालक पुढे येऊन प्रेक्षकांशी थेट बोलतो, महागाईवर, पुढाऱ्यांवर दोन टोमणे मारतो. मध्येच एखादं गाणं होतं आणि पुन्हा पुढचं प्रहसन. आपल्या मुलांना हा साचा तोंडपाठ आहे. पण टीव्हीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १३० वर्षांपूर्वी, जवळजवळ असाच साचा मुंबईत गोव्याच्या कॅथलिक कष्टकऱ्यांनी रंगमंचावर आणला होता. त्या नाट्यप्रकाराचं नाव तियात्र. त्याला आकार देणारे जुआंव आगुस्तिन फर्नांडिस यांना गोव्यात 'पाय तियात्रिस्त', म्हणजे तियात्राचे वडील, म्हणून ओळखतात.

हा विषय का निवडला?

खरं सांगतो. आमच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक नाटुकलं केलं होतं. त्यात एक ख्रिस्ती पात्र होतं. डोक्यावर टोपी, हातात बाटली, तोंडी मोडकंतोडकं हिंदी. तो आला की सगळा मांडव हसायचा. मीही हसलो. नंतर माझ्या लक्षात आलं की पहिल्या रांगेत माझ्याच वर्गातला एक ख्रिस्ती मुलगा बसला होता आणि तो एकटाच हसत नव्हता. मुलांनी सिनेमात जे पाहिलं तेच केलं, त्यांना दोष काय द्यायचा? तालीम मीच घेतली होती.

नांदेड-लातूरकडे ख्रिस्ती समाज संख्येने थोडा आहे. बऱ्याच मुलांची ख्रिस्ती माणसाशी पहिली ओळख सिनेमातल्या दारुड्या पात्रातूनच होते. ज्याच्यावर लोक हसतात असा ख्रिस्ती माणूस त्यांना माहीत असतो. ज्याने आपल्या भाषेत, आपल्याच माणसांना हसवलं आणि हसवता हसवता विचार करायला लावलं, असा माणूस त्यांना माहीत नसतो. म्हणून हा परिचय.

जन्म आणि काळ

जुआंव आगुस्तिन यांचा जन्म १४ डिसेंबर १८७१ रोजी मडगावच्या बोर्डा भागात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. कचेरीत पोर्तुगीज, वरच्या वर्गातल्या लोकांच्या तोंडी पोर्तुगीज आणि कोंकणी मात्र चुलीपाशी, शेतात, बाजारात. १६८४ साली तर तिथल्या सरकारने कोंकणी बोलणंच बंद करण्याचा हुकूम काढला होता. हुकूम निघाला, पण लोकांची जीभ काही बदलली नाही.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. निजामाच्या राज्यात मराठवाड्याची कचेरी उर्दूत चालायची आणि घर मराठीत. १९४८ साली आपण त्यातून सुटलो, गोवा १९६१ साली सुटला. घरची भाषा सरकारी दारात चालत नाही तेव्हा माणसाला काय वाटतं, ते आपल्या आजोबा-पणजोबांनीही अनुभवलेलं आहे.

मुंबईची वाट

गोव्यात काम मिळेना म्हणून हजारो माणसं मुंबईला गेली. कुणी आगबोटीवर खलाशी, कुणी साहेबाच्या घरी आचारी, कुणी बँडमध्ये वाजवणारा. धोबीतलाव भागात गावागावांच्या खोल्या असायच्या. त्यांना कूड म्हणत. एका गावची माणसं एका कुडात. ट्रंक ठेवायला जागा, झोपायला वळकटी, कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना. आपल्याकडची पोरं पुण्याला जाऊन गाववाल्यांच्या खोलीवर राहतात ना, तसंच काहीसं.

जुआंव आगुस्तिनही मुंबईत आले. दिवसभर राबलेल्या या माणसांसाठी करमणूक काय होती? गावाकडे कार्निव्हलच्या दिवसांत अंगणात 'खेळ' व्हायचे. शहरात मराठी, गुजराती, पारशी नाटकं जोरात होती, पण कोंकणी माणसाचं स्वतःचं असं काही नव्हतं.

१७ एप्रिल १८९२

लुकाझिन रिबेरो नावाचा एक गोवेकर तरुण मुंबईत आलेल्या इटालियन संगीत नाटक मंडळीत पडद्यामागची कामं करायचा, असं सांगतात. त्या मंडळीबरोबर तो गावोगाव हिंडला, नाटक कसं उभं राहतं ते पाहिलं आणि परत आल्यावर चार मित्रांना गोळा केलं. त्या मित्रांत विशीतले जुआंव आगुस्तिन होते. या मंडळींनी 'इटालियन भुरगो', म्हणजे इटालियन मुलगा, हे नाटक कोंकणीत बसवलं आणि मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात सादर केलं. दिवस होता ईस्टरचा रविवार.

हा दिवस लक्षात घ्या. ईस्टरआधी चाळीस दिवस कॅथलिक घरांत उपवासकाळ पाळतात. नाचगाणं नाही, लग्नकार्य नाही. ते संपून आनंदाचा सण येतो त्याच दिवशी पहिलं तियात्र झालं. म्हणजे धर्म बाजूला ठेवून ही कला जन्मली नाही, ती त्या समाजाच्या सणावारांतूनच वर आली. आजही १७ एप्रिल हा तियात्र दिन म्हणून साजरा होतो.

उसन्या गोष्टीकडून आपल्या गोष्टीकडे

'इटालियन भुरगो'ची गोष्ट परकी होती. जुआंव आगुस्तिन यांचं मोठेपण पुढे दिसतं. १८९५ साली त्यांनी 'कावेलची सुंदरी' हे स्वतःचं तियात्र लिहिलं. कावेल म्हणजे मुंबईतली काळबादेवीजवळची कॅथलिक वस्ती. गोष्ट प्रेक्षकांच्या शेजारच्या गल्लीत आली! तिकीट काढून आलेल्या खलाशाला आणि आचाऱ्याला पडदा वर गेल्यावर आपलंच घर दिसू लागलं.

१९०४ साली त्यांचं 'भाटकार' रंगमंचावर आलं. भाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. घर आपलं, पण खालची जमीन त्याची, त्यामुळे मान कायम खाली. आपल्याकडच्या मालक आणि सालगड्याची गोष्ट ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं काही सांगायला नको. इथे भाटकारही ख्रिस्ती आणि मुंडकारही ख्रिस्ती. दोघं एकाच देवळात जाणारे. तरी एक उभा आणि दुसरा वाकलेला. आपल्याच समाजातला अन्याय आपल्याच माणसांसमोर मांडायचा, याला धाडस लागतं. परक्याची थट्टा करणं त्यामानाने सोपं असतं.

याच तियात्रात आणखी एक गोष्ट घडली. जुआंव आगुस्तिन यांनी पत्नी रेजिना यांना रंगमंचावर उभं केलं. तियात्रातल्या त्या पहिल्या स्त्री कलाकार. तो काळ आठवा. त्याच सुमारास, १९०५ साली, बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल होऊन स्त्रीभूमिका करू लागले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटातही तारामती पुरुषानेच केली. रेजिनाबाई त्याच्या नऊ वर्षं आधी लोकांसमोर उभ्या राहिल्या. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्या घरालाही पडला असणारच.

तियात्र असतं तरी कसं?

साधारण सहा-सात प्रवेश. दोन प्रवेशांच्या मध्ये पडदा पडतो आणि गायक पडद्यापुढे येतो. तो जे गातो त्याला कांतार म्हणतात. कांताराचा मुख्य गोष्टीशी संबंध असेलच असं नाही. त्यात सरकार येतं, सावकार येतो, सासू-सून येते, कधी पाद्रीबाबाही सुटत नाहीत. गोष्टीत विनोदी पात्र हमखास असतं. सगळं बोलणं घरच्या कोंकणीत.

आपल्या संत एकनाथांचं भारूड आठवा. पैठणच्या नाथांनीही विंचू, जोशी, गोंधळी अशी ओळखीची सोंगं घेऊन लोकांना हसवलं आणि हसता हसता उपदेश गळी उतरवला. भारूड हसवतं म्हणून भक्ती कमी होत नाही. तियात्राचंही तसंच आहे. पात्रांची नावं, सण, लग्नं, प्रार्थना सगळं कॅथलिक घरातलं. पण तो धर्म हा विनोदाचा विषय नव्हे, ती विनोदाची अंगणातली जागा आहे. त्या अंगणात उभं राहून माणसाचा लोभ, ढोंग, दारू, गर्व यांची फजिती केली जाते.

अखेर आणि वारसा

जुआंव आगुस्तिन यांनी पंचवीसहून अधिक तियात्रं लिहिली. १९४७ साली त्यांचं निधन झालं. गोव्याचं स्वातंत्र्य त्यांना दिसलं नाही. आज मडगावच्या रवींद्र भवनातलं नाट्यगृह 'पाय तियात्रिस्त' या नावाने ओळखलं जातं. ज्या गावातून पोटासाठी लोक बाहेर पडले, त्याच गावात त्यांचं नाव असं राहिलं.

त्यांच्यानंतर सहाच वर्षांनी, १९५३ मध्ये, अमेरिकेत डॅनी थॉमस या कॅथलिक विनोदवीराचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. लेबनॉनहून आलेल्या गरीब घरातला हा माणूस घरोघरी पोचला आणि त्या लोकप्रियतेच्या बळावर त्याने संत ज्यूडच्या नावाने आजारी मुलांसाठी रुग्णालय उभं केलं. ते १९६२ मध्ये सुरू झालं. देश वेगळा, माध्यम वेगळं. पण आपण कोण आहोत हे न लपवता सगळ्यांना हसवता येतं, हे दोघांनीही दाखवलं.

वर्गात काय करता येईल?

पुढच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीआधी मुलांना एवढंच विचारा : या नाटुकल्यात आपण कुणावर हसतोय? तो माणूस समोर बसला तर तोही हसेल का? मग त्यांना स्वतःच्या घरातला, गल्लीतला, एसटी स्टँडवरचा प्रसंग लिहायला सांगा. दुसऱ्याची नक्कल नको, आपलीच गंमत. मध्ये एखादं गाणं टाकू द्या. झालं तुमच्या वर्गाचं छोटंसं तियात्र!

आणि वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी वेगळ्या धर्माची, वेगळ्या बोलीची असेल, तर तिला तिच्या घरचा प्रसंग लिहायला आधी सांगा. ती ज्यावर हसेल, त्यावर आपणही तिच्याबरोबर हसू. मी यंदा तेच करणार आहे. पहिल्या रांगेतल्या त्या मुलाला मी लेखनाचं काम दिलंय. पात्राचं नाव काय ठेवायचं, हे तोच ठरवणार आहे.