तुकोबांचें दिवाळें आणि तुकोबांचा देव

बाजार मंदावला, पाऊस लांबला किंवा घरांत दुखणें शिरलें, कीं देवळांतील गर्दी वाढते, हा अनुभव आमच्या व्यापारी वाचकांस नवा नाहीं. संकटांत मनुष्यानें ईश्वराकडे धांव घ्यावी यांत गैर कांहींच नाहीं. परंतु ही धांव पुष्कळदां नवसाच्या रूपानें होते, आणि नवस म्हणजे बारकाईनें पाहिल्यास एक करारच होय. माल सुखरूप पोंचला तर अमुक, दाव्याचा निकाल आमच्या बाजूनें झाला तर तमुक. कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर यांत मोबदला आहे, अट आहे, आणि अट पुरी न झाल्यास श्रद्धा काढून घेण्याची मुभाही गृहीत धरलेली आहे. अशा श्रद्धेस भरंवसा म्हणावें कीं सौदा म्हणावें, याचा विचार करावयाचा तर जो स्वतः दुकानावर बसला, ज्यानें सावकारी केली आणि ज्याचें दिवाळें निघालें अशा एका पुरुषाचें चरित्र पुनः वाचणें इष्ट आहे. देहूचे तुकाराम बोल्होबा आंबिले, महाराष्ट्र ज्यांस तुकोबा म्हणतो, ते हे पुरुष होत.

तुकोबांचें घराणें दरिद्री नव्हतें, हें प्रथम लक्षांत ठेविलें पाहिजे. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्या घरीं होती. शेती होती, दुकान होतें, देवघेव होती, आणि मूळपुरुष विश्वंभरबोवांपासून चालत आलेलें विठ्ठलाचें देऊळ होतें. जात शूद्र गणलेली, धंदा वाण्याचा. जन्मवर्षाविषयीं विद्वानांत वाद आहे. सामान्यतः इसवी सन १६०८ हें वर्ष धरितात. थोरले बंधु सावजी हे विरक्त वृत्तीचे असल्यामुळें कारभार मधल्या मुलाच्या गळ्यांत आला, आणि तुकोबांनीं तो पोरवयांत नेटानें चालविला. पहिली बायको रखमाबाई दम्यानें आजारी असे. म्हणून पुण्याचे सावकार आप्पाजी गुळवे यांची मुलगी जिजाई हिच्याशीं दुसरें लग्न झालें. सतराव्या-अठराव्या वर्षीं आईबाप गेले. पाठोपाठ सावजींची बायको वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. दोन बायका, मूल, धाकटा भाऊ कान्होबा आणि देण्याघेण्याच्या वह्या एवढा भार विशीही न गांठलेल्या तरुणावर पडला.

त्यावर १६३० सालचा दुष्काळ आला. दख्खन आणि गुजराथ या दोन्ही प्रांतांस त्यानें ग्रासलें, आणि १६३२ पर्यंत त्याची झळ राहिली. बऱ्हाणपुरास तळ देऊन बसलेल्या शहाजहान बादशहानें लंगरखाने उघडले, दर सोमवारीं ५,००० रुपये वाटण्याचा हुकूम केला आणि महसुलांत मोठी सूट दिली, असें त्याच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानें नमूद केलें आहे. माणसांनीं माणसांचें मांस खाल्ल्याचेंही तोच लिहितो. परंतु देहू बादशहाच्या मुलखांत नव्हतें. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या ओढाताणींत सांपडलेल्या पुणें प्रांतास ना लंगर मिळाला ना सूट. उलट त्याच सुमारास आदिलशाही फौजेनें पुणें जाळून उजाड केलें. अशा काळांत खेड्यांतील वाण्याचें काय होतें हें सांगावयास नको. दुकानांतील माल उधारीवर जातो, उधारी बुडते, आणि ज्यांच्याकडून आपण माल घेतला ते मात्र दारांत येऊन बसतात. तुकोबांची पत गेली. रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. तिच्या मागोमाग पहिला मुलगा संतूही गेला.

येथें थोडें थांबलें पाहिजे. त्या घरांत पिढ्यान् पिढ्या विठ्ठलाची पूजा चालत आली होती, पंढरीची वारी होती. नवसाच्या हिशेबानें पाहतां देवाकडे जमेची बाजू भरपूर होती. तरीही रक्षण झालें नाहीं. जो देव भाकरी देऊं शकला नाहीं त्याच्यावर भरंवसा कां ठेवावा, हा प्रश्न त्या तरुणास पडला नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांनीं स्वतः आपलें चरित्र ज्या अभंगांत सांगितलें आहे त्यांत प्रथम येते ती शरम: धन गेलें, मान गेला, बायको उपाशी मेली, धंद्यांत खोट आली, याची शरम. कृतज्ञतेचे अभंग पुढचे आहेत. कीर्तनकार हा क्रम उलटा करितात आणि दुष्काळाच्या दिवशींच तुकोबांस हंसतमुख उभे करितात. दुःखानें मोडलेला मनुष्य आणि ईश्वरावर विसंबलेला मनुष्य एकच असूं शकतो, हें कदाचित् श्रोत्यांस पटणार नाहीं अशी त्यांस भीति वाटत असावी.

मग तुकोबांनीं केलें काय? ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबांनीं शोधीत जाऊन त्यांस खालीं आणिलें. घरांत लोकांकडील येण्याचीं खतें होतीं. दुष्काळांतून जीं कुळें वांचलीं त्यांच्यापाशीं फेडण्यास कांहीं उरलें नव्हतें. तरी खत तें खत, आज ना उद्यां त्यावर वसुली करितां आली असती. तुकोबांनीं सगळीं खतें इंद्रायणींत बुडविलीं असें सर्रास सांगतात, पण परंपरेंतील मूळ हकीकत तशी नाहीं. कान्होबांनीं आपणांस संसार करावयाचा आहे असें म्हणतांच खतांच्या दोन वांटण्या झाल्या. धाकट्याचा अर्धा वांटा त्याच्या हातांत दिला गेला आणि तुकोबांनीं केवळ आपला अर्धा पाण्यांत सोडला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत दुसऱ्या भावाच्या हिश्शाचें दान करण्याचा आपणांस अधिकार नाहीं, ही गोष्ट कित्येकांस हायकोर्टापर्यंत भांडूनही उमगत नाहीं. या विरक्तास ती नदीकांठीं उमगली होती. देवाच्या भरंवशावर उदार व्हावयाचें तें आपल्या मालमत्तेपुरतें, हा विवेक आम्हांस त्या चरित्रांतील कोणत्याही चमत्कारापेक्षां अधिक मोलाचा वाटतो. त्याच पुणें जिल्ह्यांत सुमारें दोनशें चाळीस वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, सुपें येथें कुळांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून खतांची होळी केली. बंदोबस्तास फौज आणावी लागली, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. इंद्रायणीच्या कांठीं तेंच काम एका धनकोनें आपखुषीनें, कोणीही मागितलें नसतां केलें होतें.

खतें सोडल्यावर ते स्वस्थ बसले नाहींत. वडिलार्जित देऊळ पडझडीस आलें होतें. मजुरांस देण्यास पैसा नव्हता, म्हणून स्वतः माती कालवून, भिंती घालून तें उभें केलें. एकादशीस कीर्तनास उभे राहूं लागले. पाठांतर नव्हतें, म्हणून पूर्वीच्या संतांचीं वचनें बसून पाठ केलीं, आणि दुसरा गात असतां मागें ध्रुपद धरलें. ईश्वरावर भार टाकला म्हणजे हातपाय गळाले, अशी भक्तिमार्गाची टवाळी करणाऱ्यांनीं हा भाग अवश्य पहावा.

एका बाबतींत मात्र आम्ही परंपरेबरोबर जाऊं शकत नाहीं, आणि ती म्हणजे जिजाईची. कीर्तनांत या बाईस कजाग ठरवून श्रोत्यांस हंसविण्याची रीत पडली आहे. तिनें आपल्या नांवावर दोनशें रुपये उभे करून नवऱ्यास पुनः व्यापारास धाडिलें. त्यानें त्यांचे अडीचशें केले, आणि परततांना कर्जापायीं अडकलेल्या एका गृहस्थास ते सारे देऊन रिकाम्या हातानें घर गांठलें, अशी कथा आहे. ते पैसे जिजाईच्या पतीवर आणिलेले होते! भावाच्या वांट्याविषयीं जो विवेक नदीकांठीं दिसला तो बायकोच्या पैशाविषयीं येथें दिसत नाहीं. उपाशी मुलें समोर असतां ती बोलली असेल तर न्याय तिच्या बाजूस होता. शिवाय नवरा डोंगरावर जाऊन बसला म्हणजे भाकरी बांधून डोंगर चढणारी हीच बाई होती. पुरुषानें देवावर टाकलेला भार पुष्कळ वेळां घरांतील स्त्रीच्या डोक्यावर जाऊन पडतो, आणि तिच्या नांवाचा अभंग कोणी गात नाहीं.

तुकोबांच्या भरंवशाची खरी कसोटी दुष्काळानंतर काहीं वर्षांनीं लागली. कवित्व स्फुरूं लागलें, लोक ऐकूं लागले, आणि तेव्हां वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांनीं हरकत घेतली. शूद्रानें मराठींत वेदार्थ सांगावा हा गुन्हा! गांवचा पाटीलही फिरला. रचलेल्या वह्या इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या. पूर्वीं बुडविलेलीं खतें दुसऱ्यांच्या देण्याचीं होतीं. या वह्या म्हणजे त्यांचें स्वतःचें सर्वस्व होतें. तेरा दिवस अन्नपाण्यावांचून ते नदीकांठीं शिळेवर पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, असें परंपरा सांगते. कोणी म्हणतात, लोकांनीं त्या आधींच पाठ केल्या होत्या व लिहून ठेविल्या होत्या. चाकणचे संताजी जगनाडे, जातीचे तेली, यांनीं लिहिलेले अभंग प्रसिद्धच आहेत. आम्हांस या दोन म्हणण्यांत भांडण दिसत नाहीं. तेल्याच्या हातून आणि कुणब्याच्या कंठांतून जें वांचलें तें देवानें वांचविलें असें म्हणण्यास कोणती अडचण आहे? १८६९ आणि १८७३ सालीं मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यांतून गाथा दोन भागांत बाहेर पडली, तेव्हां तींत साडेचार हजारांहून अधिक अभंग भरले. ज्या भट्टांनीं वह्या बुडविण्यास भाग पाडलें तेच पुढें तुकोबांचे शिष्य झाले, आणि बहिणाबाईसारखी ब्राह्मण स्त्री या शूद्रास गुरु मानून देहूस येऊन राहिली.

परंतु वह्या मिळाल्यावर तुकोबांनीं काय म्हटलें, तें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं विजयोत्सव केला नाहीं. आपण देवाचा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यानें चित्त क्षोभवून घेऊन त्यास हट्टानें अडवून धरलें, हा आपल्या हातून मोठा अन्याय झाला, अशा अर्थाचे पश्चात्तापाचे अभंग त्यांनीं त्या प्रसंगीं केले. मागितलेलें मिळालें, आणि मागितल्याचीच लाज वाटली. नवस फेडून देवाशीं बेबाक झालेल्या माणसाच्या तोंडीं असे शब्द येत नाहींत. दुष्काळांत न मिळालेल्या साहाय्याबद्दल त्यांनीं देवास दोष दिला नाहीं, हें तर बहुतेकांस ठाऊक आहे. मिळालेल्या साहाय्याबद्दल स्वतःस दोष दिला, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ रोजीं, म्हणजे १६५० सालच्या आरंभीं, तुकोबा गेले. जिजाई त्या वेळीं गरोदर होती. मागाहून जन्मलेला मुलगा नारायण तिनेंच वाढविला. त्यानें सुमारें १६८५ पासून पित्याच्या पादुका पालखींत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात पाडला. ती पालखी दरवर्षीं ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघते आणि पुण्यावरून बारामती व इंदापूर या कमी पावसाच्या मुलखांतून जाते. त्या दिवसांत तेथील शेतकऱ्याची पेरणी पुष्कळदां व्हावयाची असते. तो आभाळाकडे एकदां पाहून घेतो, आणि दिंडीस पाणी पाजावयास रस्त्यावर येऊन उभा राहतो.