सिरपूरच्या विहाराची ओळख पटविणारे मोरेश्वर दीक्षित

रायपूर : महानदीकाठच्या सिरपूर येथील प्राचीन बौद्ध विहार सात दशकांपूर्वी विटामातीच्या ढिगाऱ्याखाली होता. तो उजेडात आणण्याचे श्रेय पुरातत्त्वज्ञ डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचे.

दीक्षित यांचा पिंड लहानसहान अवशेषांच्या अभ्यासाचा होता. प्राचीन मण्यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. सागर विद्यापीठात असताना १९५२ मध्ये त्यांनी जबलपूरजवळील त्रिपुरी येथे उत्खनन केले. त्यानंतर १९५३ ते १९५६ या काळात तत्कालीन रायपूर जिल्ह्यातील सिरपूर हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले.

भग्न भिंती, फरशीचे अवशेष व खांबांच्या जागा यांची सांगड घालताच वास्तूचा आराखडा स्पष्ट झाला. मध्यभागी चौक, सभोवती भिक्षूंच्या खोल्या आणि गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्धमूर्ती. मात्र विहार कोणी बांधला, याचा उलगडा शिलालेखाने केला. महाशिवगुप्त बालार्जुन याच्या कारकिर्दीत आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने तो उभारला व भिक्षूंच्या भोजनाची व्यवस्था लावून दिली. राजा शैव असताना त्याच्या राजधानीत हा विहार उभा राहिला, हे विशेष.

पुढे दीक्षित यांनी विदर्भातील कौंडिण्यपूर येथे उत्खनन केले. भारतीय काचेचा इतिहासही लिहिला.

सिरपूरमधील अनेक प्राचीन शिल्पे आज रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहेत. विहार मात्र राजाच्या नव्हे, तर आनंदप्रभू या भिक्षूच्याच नावाने ओळखला जातो.